मिशीवाला बाळ: 'सुपर मारिओ-कुन'

१९९० सालच्या नोव्हेंबरात निन्टेंडोने 'सुपर मारिओ वर्ल्ड' हा खेळ जपानी बाजारात आणला. 'कोरोकोरो कॉमिक'च्या नोव्हेंबर अंकापासून सावादा युकिओ यांची 'सुपर मारिओ-कुन' ही विनोदी चित्रमालिका सुरू झाली. ही जुळणी योगायोगाची नव्हे. 'डोरेमॉन'च्या कथा एकत्र देण्यासाठी १९७७ साली निघालेले हे शाळकरी मुलांचे मासिक एव्हाना खेळ-खेळण्यांच्या कंपन्यांचे हक्काचे अंगण झाले होते. तेव्हा ही मालिका म्हणजे निव्वळ जाहिरात, असे कोणी म्हटल्यास आम्ही ते पूर्णपणे नाकारणार नाही. नवा खेळ आला की कथानक बदलायचेच: १९९६चा 'सुपर मारिओ ६४', २००२चा 'सुपर मारिओ सनशाइन'.

पण खेळातला मारिओ जवळजवळ मुका. एखादा चीत्कार, की पुढची उडी. सावादांनी त्याला वाचा दिली, आणि तिच्यासोबत बढाईखोरपणा, खादाडपणा, रडारडही. 'कुन' म्हणजे आपल्याकडे नावापुढे 'बाळ' लावावे तसे; मिशीवाल्या प्लंबरला ते लावणे हाच पहिला विनोद. (पुढचे पुष्कळसे विनोद शी-शूचे आहेत, हे सुसंस्कृत पालकांनी ध्यानात घ्यावे.) पात्र कंपनीचे खरे, पण त्याची फजिती सर्वस्वी सावादांची. खेळाची यंत्रे अडगळीत गेली, नवी आली. चित्रकार मात्र तीस वर्षांहून अधिक काळ तोच राहिला. निवडक कथांचे इंग्रजी पुस्तक निघायला २०२० साल उजाडले.