मुक्या सोबत्यांचे इंगित

महाभारताच्या आदिपर्वात, मूळ कथेला नीटसा आरंभ होण्यापूर्वीच, एका कुत्र्याने मार खाल्ल्याची हकीकत येते. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असते. देवशुनी सरमेचे पोर तेथे येते आणि राजाचे तिघे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काय अपराध केलास? पोर सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्याला जीभही लावली नाही. सरमा सत्रमंडपात जाऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देऊन निघून जाते: निरपराध्याला मारलेत, तुमच्यावरही न दिसणारे भय कोसळेल. याच ग्रंथाच्या अखेरीस युधिष्ठिराच्या मागोमाग चालणारा कुत्रा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. आरंभीचा हा कुत्रा मात्र आपल्या विस्मरणात गेला. वास्तविक अधिक विचार करावयास लावणारा तोच आहे. कुत्रे आले म्हणजे ते हवीला तोंड लावणारच, असे राजपुत्रांनी धरून चालले. ते कसे उभे होते, कोठे पाहत होते, हे पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही.

माणूस आणि कुत्रा यांची सोबत जुनी म्हणजे किती जुनी? जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष मिळाले आहेत, ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. काश्मीरातील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन दफनांतही माणसाशेजारी कुत्रा आढळतो. मांजर पुष्कळ उशिरा आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ही गोष्ट २००४ साली प्रसिद्ध झाली. इतका काळ एका छपराखाली घालविल्यावर एकमेकांची बोली यावयास हवी होती. कुत्र्याला आपली बोली पुष्कळशी आली. आपल्याला त्याची किती आली, हा प्रश्न निराळा.

आपल्याकडे या शास्त्राचे नाव तेवढे फार पूर्वी तयार होते. देहाच्या हालचालीवरून मनातले ताडणे याला इंगित जाणणे म्हणत. कौटिल्याने अर्थशास्त्रात मसलतीचे गुपित राखण्याच्या प्रकरणात इंगित आणि आकार यांचा विचार केला आहे; कारण अमात्याच्या चेहऱ्यावरून बेत फुटू शकतो. (सचिवालयात चार वर्षे काढलेल्या कोणालाही हे प्रकरण भाष्यावाचून समजेल.) प्राण्यांच्या वागण्याकडेही त्याचे लक्ष आहे. राजवाड्यात विष आले तर कोणता पक्षी ओरडतो, कोणाचे डोळे बदलतात, याची त्याने नोंद केली आहे. पण चकोराचे डोळे पाहावयाचे ते राजाच्या जिवासाठी. चकोराला काय होते, हा त्याचा विषय नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुत्र्यावर दोन निरनिराळी प्रकरणे आहेत. एकात चांगल्या कुत्र्याची लक्षणे आहेत, तर दुसऱ्यात शकुन. प्रयाणाच्या वेळी कुत्रे कशावर मूत्रविसर्जन करून पुढे जाते, यावर प्रवाशाला काय लाभ होईल ते सांगितलेले आहे. निरीक्षणाचा बारकावा थक्क करणारा आहे. फक्त त्या निरीक्षणाचा रोख कुत्र्याकडे नाही. कुत्रे ही माणसाचे भविष्य उमटण्याची पाटी आहे. मांजर आडवे गेले म्हणजे थबकणारे आपण त्याच परंपरेतले. मांजर आपल्या कामाला निघालेले असते. त्याच्या मनात आपण नसतोही.

आपल्या भाषेत मात्र हे ज्ञान पंडितांना ठाऊक नसेल इतके साठलेले आहे. कान टवकारणे, दात विचकणे, शेपूट घालणे, केस पिंजारणे, अंग चोरणे हे सारे शब्द कोणा गुराख्याने किंवा गृहिणीने प्रत्यक्ष पाहून घडविलेले आहेत. एकाच शब्दात अन्याय झाला आहे असे मला वाटते. ‘गोंडा घोळणे’ हा आपण खुशामतीचा शब्द करून टाकला. कचेरीतील गोंडा घोळणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे पुरते ठाऊक असते. कुत्र्याच्या शेपटीची गोष्ट इतकी सरळ नाही. तिच्याकडे पुढे येऊच.

न वाचता हात उचलण्याची किंमत मुंबईने एकदा मोजली आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने शहरातील भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि कुत्र्यामागे बक्षिसी मिळे. बक्षिसी आली की पिसाळलेले कोणते आणि शहाणे कोणते, हा भेद उरत नाही. मालकांची कुत्रीही मारली जात असल्याचा बोभाटा झाला. जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतरही लोक त्यांना मिळाले, बाजार बंद पडले, आणि दंगा शमविण्यास लष्कर बोलवावे लागले. पारश्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा सगदीद नावाचा संस्कार आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा क्षोभ कळतो. अधिकाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. अलर्कविषावर तोवर उपाय नव्हता. पाश्चरने आपली लस प्रथम एका मुलाला टोचली ती १८८५ साली, आणि हिंदुस्थानात कसौली येथे पाश्चर संस्था निघाली १९०० साली.

कुत्र्याकडे कुत्र्यासाठीच पाहणारा पहिला मोठा ग्रंथ १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चार्ल्स डार्विनने मनुष्य आणि प्राणी यांच्या भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिलेला हा ग्रंथ. त्यातील एक तत्त्व कोणालाही घरबसल्या पडताळता येईल. डार्विन म्हणतो, अनोळखी माणसाकडे जाणारे रागीट कुत्रे पाहा. ते ताठ चालते, मान किंचित वर, शेपूट उभे आणि कडक, मानेवरचे केस उभारलेले, कान पुढे, नजर रोखलेली. एवढ्यात त्याला कळते की हा परका नसून आपला धनीच आहे. क्षणात सारे उलटे होते. अंग खाली येऊन वळसे घेऊ लागते, शेपूट खाली उतरून हलू लागते, केस बसतात, कान मागे पडतात, ओठ सैल सुटतात. यांपैकी एकही हालचाल त्याच्या तशी उपयोगाची नाही. मग ती का होते? रागाची भावना उलटली म्हणून देहही उलटला, एवढेच तिचे कारण. याला त्याने विरोधाचे तत्त्व म्हटले. मांजरात तेच तत्त्व निराळे रूप घेते. चिडलेले मांजर दबून बसते, कान मागे चिकटवते, शेपूट जमिनीलगत आपटत राहते. लाडात आलेले मांजर पाठीला जराशी कमान देऊन उंच उभे राहते, शेपूट काठीसारखे सरळ वर करते आणि पायांना अंग घासते. म्हणजे खाली दबलेले कुत्रे प्रेमात, तर दबलेले मांजर रागात. कुत्र्याच्या व्याकरणाने मांजर वाचणाऱ्याच्या हातावर ओरखडे उठतात ते यामुळे.

त्या ग्रंथातील एक घरगुती उदाहरण मला फार आवडते. डार्विनचे एक मोठे कुत्रे फिरावयास निघाले की आनंदाने मान वर करून पुढे धावे. वाटेत झाडांच्या काचघराकडे जाणारी एक पायवाट होती. आपल्या प्रयोगातील रोपे पाहावयास डार्विन त्या वाटेला जरासा वळला की फिरणे बुडणार या शंकेने कुत्र्याचे सारे अंग ढासळून जाई. मान खाली, कान आणि शेपूट गळालेले. त्या मुद्रेला घरात सगळे ‘काचघरी चेहरा’ म्हणत.

याच ग्रंथात महाराष्ट्राचाही एक उल्लेख आहे आणि तो कुत्र्यांविषयी नसला तरी प्रस्तुत आहे. डार्विनने १८६७ च्या सुमारास देशोदेशींच्या परिचितांकडे माणसांच्या मुद्रांविषयी एक प्रश्नावली धाडली होती. मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या गृहस्थांनी तेथील लोकांचे निरीक्षण केले. पण युरोपियनांसमोर ही माणसे आपल्या साऱ्या भावना लपवितात, त्यामुळे खात्रीचे काही सांगता येत नाही, असे त्यांना कळवावे लागले. आमच्या पणजोबांच्या पिढीने साहेबापुढे चेहरा कोरा ठेवला होता! पाहणाऱ्याच्या हाती सत्ता असली की समोरच्याची मुद्रा बदलते, ही गोष्ट डार्विनच्या ग्रंथात एका वाक्यात येऊन जाते. कुत्र्यामांजरांच्या अभ्यासकांना तिचे महत्त्व उमगावयास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

मध्यंतरी एक मोठा गैरसमज रूढ झाला. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडगे पाहून १९४७ साली निबंध लिहिला. कोंडवाड्यात एकत्र टाकलेले ते लांडगे वरचढपणासाठी भांडत. त्यावरून लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या इतरांना दाबून असतो, कुत्रे हे लांडग्याचे वंशज, तेव्हा घरातील कुत्र्याला धन्याने दाबलेच पाहिजे, अशी मालिका तयार झाली. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याची शिकवण १९७० नंतरच्या काही पुस्तकांतून घरोघर गेली. ज्याच्या १९७० च्या ग्रंथाने ‘म्होरक्या’चा शब्द लोकप्रिय केला, त्या डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानेच पुढे कॅनडाच्या उत्तरेकडील एल्झमिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९ साली लिहिले की टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरे, तेथे म्होरक्या असतो तो बाप असतो म्हणून. कैदखाना पाहून कुटुंबव्यवस्थेचे नियम लिहावेत, तसा हा प्रकार झाला. त्यापायी किती कुत्र्यांनी निष्कारण जाच सोसला असेल कोण जाणे.

घरोघर ऐकू येणारे एक वाक्य आहे: ‘बघा, चोरी केली आहे हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसते.’ मान खाली, कान मागे, नजर चुकविलेली, शेपूट पोटाखाली. न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा पाळीव कुत्र्यांवर याची परीक्षा पाहिली. धनी खाऊ न खाण्याची ताकीद देऊन बाहेर जाई. आत कधी कुत्र्याला तो खाऊ मिळे, कधी तो नुसताच उचलला जाई. परतलेल्या धन्याला मात्र जे सांगावेसे वाटले ते सांगितले जाई. परिणाम असा की अपराधी मुद्रेचा अपराधाशी संबंध आढळला नाही. धनी रागावला की ती मुद्रा येई, आणि काही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत ती सर्वांत ठळक होती. आपण जिला कबुलीजबाब समजतो ती भीती असते, मार टाळण्याची विनवणी असते. सरमेच्या पोराने आपली बाजू निदान शब्दांत मांडली होती.

आणि शेपटी? इटलीतील बारी येथील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की धनी दिसला की कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकते, आणि अनोळखी दांडगे कुत्रे दिसले की डाव्या बाजूला. हलणारे शेपूट म्हणजे आनंद, हे समीकरण तेव्हा अपुरे पडले. ताठ, उंच शेपटीची बारीक थरथर ही तर सूचनाच समजावी. भूक नसता ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, मान वळविणे, डोळ्याच्या कडेची पांढरी कोर दिसणे ही त्याआधीची विनंती. लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकते आणि कुत्रे तोंड फिरविते. मोठी माणसे कौतुकाने पाहत राहतात. पुढे ते गुरगुरते, तेव्हा त्याला चापट बसते. गुरगुरण्याबद्दल शिक्षा झालेले कुत्रे पुढच्या वेळी न गुरगुरता चावते, आणि मग लोक म्हणतात, काही कारण नसता चावले.

मांजराचा अभ्यास मागे पडला खरा. पॉल लायहाउझेन या जर्मन अभ्यासकाने १९५६ साली मांजराच्या वर्तनावर ग्रंथ लिहिला. कमान केलेल्या पाठीचा त्याने लावलेला अर्थ मार्मिक आहे. पुढचे पाय मागे सरू पाहतात, मागचे जागा सोडीत नाहीत. पळण्याची इच्छा आणि लढण्याची इच्छा एकाच देहात भिडतात, आणि मधली पाठ वर उचलली जाते. म्यावम्याव ही बोलीदेखील मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच बोलतात. ती त्यांनी आपल्यासाठी राखलेली आहे. घुरघुर समाधानाची असते तशी दुखण्यातलीही असते. इंग्लंडमध्ये २०२० साली झालेल्या प्रयोगांत, माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले तर मांजरही तसेच करते आणि परक्याच्याही जवळ यावयास अधिक राजी होते, असे आढळले.

त्याच वर्षी कोलकात्याच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिकवणूक कसलीच नाही, धनी नाही. एक अनोळखी माणूस दोन झाकलेल्या वाडग्यांपैकी एकाकडे बोट दाखवी. जी कुत्री वाडग्यांजवळ आली, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्क्यांनी दाखविलेलाच वाडगा निवडला. मात्र सुमारे निम्मी कुत्री जवळ आलीच नाहीत. ती भेदरलेली होती, आणि माणसांच्या हातून पूर्वी आलेला वाईट अनुभव हे त्याचे कारण असावे, असे संशोधकांनी नोंदविले आहे.