बतावणी कोणी लिहून ठेवली?

दलित साहित्याची चर्चा निघाली की वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द हमखास येतात. ते खोटे नाहीत. पण त्यांच्या गर्दीत एक गोष्ट उंबऱ्याबाहेरच राहिली, ती म्हणजे आपल्या माणसांचे हसणे. प्रस्थापित समीक्षकांना ते दिसले नाही हे मी समजू शकतो. वाड्याच्या बाहेर उभे राहून ऐकणाऱ्याला रडणेच तेवढे ऐकू येते. आपल्या लिहित्या मंडळींनीही ते इतिहासाच्या वहीत मांडू नये, हे मात्र मला खटकते.

गावगाड्यात थट्टेचीसुद्धा वतनदारी होती. कोणी कोणाची चेष्टा करावी हे जातीने ठरलेले. पाटलाने येसकराला 'धोंड्या' म्हणून हाक मारावी, त्याच्या खाण्याची, पोराबाळांची खिल्ली उडवावी, आणि येसकराने मान खाली घालून हसावे. ते हसणे म्हणजे जोहाराचाच एक प्रकार. घरी मात्र तोच माणूस चुलीपुढे बसून पाटलाची चाल, त्याचे खाकरणे हुबेहूब करून दाखवी आणि बायकापोरे लोटपोट होत. माझ्या आजोबांची अशी एक नक्कल आमची आत्या सांगत असे. सांगण्याआधी ती दाराकडे एकदा बघून घेई. पाटील जाऊन तीस वर्षे झाली होती, तरी ती सवय तिच्या अंगातून गेली नाही. एक हसू गावाला द्यायचे आणि दुसरे घरात झाकून ठेवायचे, अशी ही विभागणी होती.

झाकलेले हसू चारचौघांत आणायची जागा म्हणजे तमाशाचा फड. महार, मांग, कोल्हाटी यांनी जगवलेल्या या कलेत गण-गवळण झाली की बतावणी येई आणि मग वग. बतावणी कागदावर नसे. गाव बघून, समोरची माणसे बघून सोंगाड्या ती जागच्या जागी रचत असे. तो राजाला राजाच्या तोंडावर मूर्ख ठरवी आणि पुढे बसलेला पाटीलही खो खो हसे. काहींना यात मोठे स्वातंत्र्य दिसते. मला दिसत नाही. रात्री राजाची फजिती करणाऱ्या त्या कलावंताला सकाळी त्याच गावात पाणी प्यायचे तर ओंजळ पुढे करून वरून घ्यावे लागे. कोणी दिलेली मुभा म्हणजे हक्क नव्हे.

त्या मुभेला हक्काचे वळण पहिल्यांदा जोतीराव फुल्यांनी दिले. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून घर लुबाडतो आणि विदूषक मधेमधे तोंड घालून त्याचा कावा उघडा पाडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे तो विदूषक कागदातच गप्प बसून होता! त्याचे भाऊबंद मात्र पुढे सत्यशोधक जलशांतून गावोगाव बोलू लागले.

मग तिसाच्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे नाव त्यात ठळक. या मंडळींनी तमाशाचा सांगाडा घेतला, लावणी काढून टाकली, गण-गवळणीचा आशय बदलला, पण सोंगाड्याला हात लावला नाही. का लावला नाही? कारण मृतमांस सोडा, नवस सोडा, पोरे शाळेत घाला, असे सभेत कोणी सांगितले की म्हातारी माणसे दुखावत. तेच सोंगाड्याने वेड घेऊन विचारले, की आपलीच खोड समोर उभी दिसे आणि माणूस आपल्यावरच हसे. पूर्वी सोंगाड्याच्या अडाणीपणावर गाव हसत असे. आता आपली वस्ती आपल्या अडाणीपणावर हसू लागली. हा फरक लहान नाही. (या जलशांत बायकांची कामे पुरुषच करीत आणि पुष्कळशी थट्टा बाईच्याच पदरात पडे, हेही इथेच नोंदवले पाहिजे.)

खुद्द बाबासाहेबांच्या बोलण्यातही हा बाज होता. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी 'केसरी'तल्या एका पत्राचा किस्सा सांगितला. मेलेली ढोरे ओढायचे सोडल्याने अस्पृश्यांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, अशी काळजी पत्रलेखकाला वाटली होती. बाबासाहेबांचे उत्तर असे, की एवढा फायदा आहे तर तुम्हीच ढोरे ओढा, वर माझ्याकडून आणखी पाचशे घ्या. समोरच्याचा युक्तिवाद त्याच्याच दारात नेऊन टाकायचा, ही अस्सल बतावणीची रीत. लाखो माणसे धर्म बदलून नुकतीच उभी राहिली होती आणि त्या गंभीर घडीलाही त्यांना हसवावे असे बाबासाहेबांना वाटले.

वामनदादा कर्डकांची सुरुवातही १९४३ साली एका विडंबनगीताने झाली. पुढे त्यांची गाणी घरोघर गेली. पद्यांचे असे होते. ती चोपड्यांत उतरतात, पोरे पाठ करतात. भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून निदान त्यांचे स्वरूप तरी हाती राहिले. बतावणी मात्र तोंडातली, ती माणसाबरोबर गेली. लहानपणी जलसे पाहिलेली मोजकी म्हातारी माणसे मला भेटली. पद्ये विचारली की ती लगेच गळा काढत. सोंगाड्या काय बोलायचा असे विचारले, की आधी स्वतःशीच हसत, डोळे पुसत, आणि म्हणत, "आता ते काय सांगायचं, तिथं असायला पायजे होतं."