'एअरब्रश': एक नाव, दोन यंत्रे

एखाद्या उपकरणाचा इतिहास लिहिताना त्याच्या नावावर कितपत विसंबावे, हा प्रश्न शब्दाभ्यासकापुढे वारंवार उभा राहतो. एअरब्रशच्या बाबतीत तर नाव ही फारच कच्ची साक्ष होय. ज्याला कुंचला म्हणतात त्यात एकही केस नाही. आणि जे एकच यंत्र समजले जाते, ती वस्तुतः भिन्न तत्त्वांवर चालणारी दोन यंत्रे आहेत. नावाने झाकलेला हा भेद जुने उपकरण दुरुस्तीसाठी उघडले की लपत नाही.

अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली याने 1876 साली छायाचित्रे रंगविण्यासाठी रंग फवारण्याच्या साधनाचे पेटंट घेतले होते. परंतु एअरब्रश या नावाचा वंश सुरू होतो तो आयोवा राज्यातील ॲब्नर पीलर याच्यापासून. 1879 च्या सुमारास त्याने केलेल्या यंत्रात शिवणयंत्राची सुई, वाकविलेला चमचा आणि चाकूचे पाते अशा घरगुती वस्तू होत्या, असे सांगितले जाते. त्याने त्यास नाव दिले 'पेंट डिस्ट्रिब्यूटर', म्हणजे रंग वाटणारे साधन. नाव रुक्ष खरे, पण प्रामाणिक. लिबर्टी वॉकअप याने ही कल्पना विकत घेऊन रॉकफर्ड येथे तिचे उत्पादन आरंभिले, तेव्हा 'एअर ब्रश' हे नाव आले. त्याचे श्रेय परंपरेने वॉकअपच्या पत्नीस दिले जाते.

पुढे चार्ल्स बर्डिक याने निराळ्याच तत्त्वावर उपकरण सिद्ध केले आणि 1893 मध्ये लंडनला जाऊन 'फाउंटन ब्रश कंपनी' काढली. तत्त्व बदलले, पण 'ब्रश' काही सुटेना! नंतर तेथेच 'एरोग्राफ' हे ग्रीक घडणीचे नाव रूढ झाले. मॅन रे याने 1917 नंतरच्या आपल्या फवाऱ्याच्या चित्रांसाठी तेच स्वीकारले. इंग्रजीत पुढे या नामाचे क्रियापद झाले, आणि ते चित्रातून एखाद्यास पुसून टाकणे या अर्थाने वापरले जाऊ लागले. स्टालिनकालीन छायाचित्रांतून माणसे नाहीशी करताना चाकू, गोंद व साधा कुंचलाही वापरला गेला होता. दोष मात्र भाषेने एकट्या एअरब्रशच्या माथी मारला.

आता दुरुस्तीकडे पाहू. बर्डिकच्या पद्धतीत निमुळती सुई बारीक तोंडात बसते. घोडा दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकून रंगाला वाट मिळते. येथे सारा बिघाड त्या तोंडाशी. सुईचे टोक वाकले तर फवारा एका बाजूस जातो किंवा शिंतोडे उडतात. सुई जोराने पुढे रेटली तर तोंड फाकते, आणि मग ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते. रंगाच्या वाटीत बुडबुडे दिसू लागले तर तोंडाची बैठक सैल झाली आहे किंवा तेथे चीर पडली आहे, असे समजावे. जुन्या उपकरणांत आट्यांना मधमाश्यांचे मेण लावून ही गळती थांबविण्याची रीत आहे. सगळे उपकरण द्रावणात बुडवून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण आतील जुने वॉशर त्यानेच निकामी होतात.

पीलरच्या वंशातील यंत्राला हे ज्ञान लागू पडत नाही. त्यात रंग अरुंद तोंडातून जातच नाही. हवेच्या झोताने एक लहान चक्र फिरते, ते सुईला पुढेमागे हलविते; सुई वाटीतून रंग घेऊन बाहेर येते आणि दुसरा झोत तो रंग तिच्यावरून उडवितो. शिकागोच्या पाश कंपनीच्या 'एबी' या उपकरणाने हे तत्त्व विसाव्या शतकातही टिकवून धरले. त्याचे चक्र मिनिटाला सुमारे 20,000 फेरे घेते. म्हणून तेथे तोंड तपासण्याऐवजी चक्राच्या आसास हलक्या तेलाचा थेंब द्यावा लागतो (जाड तेलाने चक्र मंदावते), सुईची फेक मोजून बसवावी लागते आणि तिचे टोक झोताच्या नेमके समोर आणावे लागते. केवळ बर्डिक पद्धतीवर हात बसलेला कारागीर येथे फाकलेले तोंड शोधू लागला, तर पीलरच्या सुईपाशी त्याला ते सापडणार नाही.