घुबडाचे मुख, माणसाचे हात

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारणतः इ. स. 100 ते 800 या काळात नांदलेल्या मोचे संस्कृतीला लिपी अवगत नव्हती. तिचे बोलणे आपल्यापर्यंत पोचते ते मुख्यतः मातीच्या पात्रांतून. कुंभाराचे चाक नसताना हे कारागीर साच्यात माती दाबून पात्राचे दोन भाग घडवीत, ते जोडीत आणि वर रिकिबीच्या आकाराची तोटी बसवीत. घुबड, कोल्हा, खेकडा, सागरसिंह अशी कितीतरी प्राणिसृष्टी या पात्रांवर अवतरली आहे. मात्र यांतील पुष्कळ प्राणी माणसांसारखे वागतात. काही पात्रांवरील हरीण माणसासारखे बसलेले असून त्याच्या गळ्यात दोर आहे; युद्धकैद्यांच्या गळ्यात असतो तसाच.

अशा चित्रांचे वाचन कसे करावे? ख्रिस्तोफर डॉनन यांनी 1970 च्या दशकात अनेक पात्रांवर पुनःपुन्हा येणारा एक प्रसंग वेगळा काढून दाखवला. त्यात कैद्यांचे गळे चिरले जात आहेत आणि एक पक्षिमुखी आकृती मुख्य पुरुषाला चषक अर्पण करीत आहे. पक्ष्याचे मुख आणि माणसाचे हात पाहून हे दृश्य देवलोकीचे वाटणे स्वाभाविक होते. आम्ही साहित्याचे अध्यापक तर त्याला तत्काळ रूपक म्हणून मोकळे झालो असतो.

1987 मध्ये सिपान येथे लुटारूंनी एक थडगे फोडले. त्यानंतर वॉल्टर आल्वा यांनी तेथे उत्खनन हाती घेतले. लुटारूंच्या हाती न लागलेल्या एका थडग्यात चित्रातील मुख्य पुरुषाची आभूषणे ल्यालेला अधिपती सापडला. दुसऱ्या थडग्यातील मृतासोबत घुबडाचे शिरोभूषण होते आणि तांब्याचा चषकही. पक्षिमुखी आकृतीची भूमिका हाडामांसाची माणसे वठवीत होती.

म्हणजे ते रूपक नव्हते काय? संस्कृत काव्यशास्त्रात 'रूपक' हे अलंकाराचे नाव आहे, तसेच नाट्याचेही. आम्ही पहिला अर्थ जपला आणि दुसरा बाजूला ठेवला. मोचे पात्रांना दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. फरक एवढाच, की या नाट्यात सांडणारे रक्त खरे होते.

जगभरच्या संग्रहालयांतील असंख्य मोचे पात्रे मात्र लुटलेल्या थडग्यांतून आलेली आहेत. ती कोणाच्या उशाशी ठेवली होती, हे सांगणारे आता कोणी नाही. संहितेतून फाडलेल्या पानासारखी ती देखणी आहेत, आणि अर्धीच वाचता येतात.