राहात्याच्या वेशीवर आलेला पाहुणा



मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी माझी एखादी पाककृती असते. यंदा आपल्या कार्यवाह बाईंनी गळ घातली की पाककृती पुरे झाल्या, आपल्या गावच्या इतिहासावर काहीतरी लिहा. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास लिहायचा म्हणजे धाडसच. पण आमच्या घरात दर गुरुवारी सासूबाई साईसच्चरित वाचतात आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. या पोथीत आपल्या राहात्याचे नाव पुष्कळदा येते. तेवढ्यावर भिस्त ठेवून हे चार शब्द लिहीत आहे.

राहाता म्हटले की परगावची माणसे विचारतात, "शिर्डीच्या अलीकडचे ना?" तालुका १९९९ सालापासून आपल्या नावाचा आहे आणि शिर्डी त्यात मोडते. त्याआधी दोन्ही गावे कोपरगाव तालुक्यात होती. तरी ओळख सांगताना आपण शिर्डीचाच आधार घेतो. पण एक काळ असा होता की खुद्द शिर्डीचे साईबाबा आपल्या गावी पाहुणे म्हणून येत. शिर्डीहून दक्षिणेला राहाता आणि उत्तरेला निमगाव, या दोन गावांपलीकडे ते कधी गेले नाहीत असे पोथीत सांगितले आहे. त्यांनी आगगाडी पाहिलेलीही नव्हती म्हणतात. एवढ्या कीर्तीच्या माणसाचे जग केवढे, तर आपण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत यावे एवढे!

पहिली गोष्ट फुलझाडांची. शिर्डीत त्या वेळी बागबगीचा काही नव्हता. बाबांनी राहात्याहून झेंडूची, जाईजुईची रोपे नेली आणि पडीक जागा साफ करून तिथे लावली. वामनतात्या नावाचे भक्त त्यांना रोज दोन कच्च्या मातीच्या घागरी देत. बाबा स्वतः आडातून पाणी शेंदायचे, खांद्यावरून घागर न्यायचे आणि झाडांना घालायचे. संध्याकाळी घागर निंबाखाली ठेवली की ती फुटून जायची, कारण ती भाजलेली नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या दोन घागरी. तीन वर्षे हा उद्योग चालला. ज्या बाईने कधी डोक्यावरून पाणी आणले आहे तिला या तीन वर्षांचे मोल पोथी न वाचताही कळेल.

दुसरी गोष्ट आपल्या वीरभद्राच्या देवळाजवळची आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. नगरहून जव्हार अली नावाचा एक फकीर राहात्यास येऊन राहिला होता. माणूस विद्वान, बोलणे गोड. त्याने देवळाजवळ इदगा बांधायला घेतला, त्यावरून गावात तंटा झाला आणि तो राहाते सोडून शिर्डीला मशिदीत जाऊन राहिला. तिथे तो लोकांना सांगू लागला की साईबाबा हा माझा चेला. बाबांनी नाही म्हटले नाही. त्याच्याबरोबर ते राहात्यास राहायला आले, त्याचे पाणी भरले, लाकडे फोडली. शिर्डीच्या लोकांना हे सहन होईना. ते बाबांना परत न्यायला आले तेव्हा बाबांना काळजी कसली, तर फकीर तापट आहे, तो येण्याच्या आत तुम्ही निघून जा, ही! अखेर दोघेही शिर्डीला गेले. पुढे देवीदास नावाच्या साधूने या गुरूची परीक्षा घेतली, त्यात तो कमी पडला आणि पळून गेला. पुष्कळ वर्षांनी परत येऊन त्याने बाबांचेच पाय धरले. पोथीकार म्हणतात की गुरूचे उणेपण चेल्याला पहिल्यापासून ठाऊक होते, पण त्याने सेवेत कुचराई केली नाही.

मला मात्र वाटते की इथवर नम्र राहणे त्या मानाने सोपे. ही गोष्ट मुंबई-पुण्याची माणसे यायला लागायच्या पुष्कळ आधीची. खरी कसोटी पुढे लागली. नानासाहेब चांदोरकर हे सरकारी अधिकारी बाबांचे भक्त झाले, पोलिसात नोकरी केलेले दासगणू कीर्तनातून गावोगाव बाबांचे नाव सांगू लागले, आणि १९१० च्या सुमारास शिर्डीला वकील, मामलेदार, सॉलिसिटर असे बडे लोक येऊ लागले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९१० च्या डिसेंबरात आले. त्यांच्याबरोबर १९१७ साली लोकमान्य टिळकही येऊन गेले. १० डिसेंबर १९०९ पासून चावडीत रीतसर पूजा सुरू झाली. दर एक दिवसाआड रात्री मिरवणूक, भालदार-चोपदार, छत्रचामरे, पालखी, शामकर्ण घोडा. बाबा पालखीत कधी बसले नाहीत. पालखी चालायची आणि ते पायी चालायचे, एका बाजूला तात्या पाटील, दुसऱ्या बाजूला म्हाळसापती.

हे तात्या कोण, तर बायजाबाई कोते पाटलिणीचे चिरंजीव. बाबा रानात बसत त्या काळी बायजाबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन काट्याकुट्यांतून त्यांना शोधत जायची. ते ऋण बाबांनी शेवटपर्यंत मानले. तात्या त्यांना मामा म्हणत. चौदा वर्षे तात्या, म्हाळसापती आणि बाबा मशिदीत एकत्र झोपले. तिघांची डोकी तीन दिशांना आणि पाय मध्ये एकमेकांना लागलेले. रात्र रात्र गप्पा चालत. कोणी पेंगायला लागला तर दुसरे जागे करीत. तात्या घोरू लागले की बाबा उठून त्यांना हलवीत. म्हाळसापतींचे पाय दाबून देत, पाठ रगडून देत. दिवसा ज्यांच्या पायावर डोके ठेवायला दुरून माणसे येत, त्यांचे हे रात्रीचे वागणे.

आता कोणी म्हणेल, नम्र म्हणजे गोडबोले. तसे ते मुळीच नव्हते. रागावले की शिव्या देत, सटका घेऊन मागे लागत, दक्षिणा तर तोंडाने मागून घेत. आलेला पैसा संध्याकाळपर्यंत वाटून टाकीत ते वेगळे. मला त्यांचे हे मागणेच फार विचार करण्यासारखे वाटते. पैशाचा पाऊस पडत असतानाही ते पाच घरी भाकरी मागायला जात. बायजाबाईकडे, नंदराम मारवाड्याकडे, असे पाच दारांत. मिळालेले सगळे मशिदीतल्या कोळंब्यात ओतत. त्यात कुत्री-मांजरे तोंड घालीत, मशीद झाडणारी बाई हवे तेवढे उचलून नेई, कोणी तिला अडवीत नसे. मोठी झालेली माणसे देतात, दानधर्म करतात, ते आपण पाहतोच. पण मोठे झाल्यावर दुसऱ्याच्या दारात हात पसरणे? आपण ज्याच्याकडून काही मागून घेतो त्याला आपण खालचा समजू शकत नाही.

इथे थोडे घरचे सांगते. चार वर्षांपूर्वी भजन-स्पर्धेत आपल्या मंडळाला बक्षीस मिळाले आणि पेटीवर मी बसले होते म्हणून पेपरात माझा फोटो आला. फोटो तो केवढा, पण मी घरातल्या घरात जरा ताठ झाले. माझ्या शेजारणीकडून मी वीस वर्षे विरजण आणत आले, कधी ती माझ्याकडून नेई. त्यानंतर मला वाटी घेऊन जायला कमीपणा वाटू लागला. दुकानातून दही आणायची. तीही येईनाशी झाली. एकदा आडावर नव्हे, आता आड कुठले, नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "तुम्ही आता मोठ्या झालात, आमचं विरजण तुम्हाला कशाला लागतंय?" मी हसून वेळ मारून नेली. त्या गुरुवारी सासूबाईंनी पाच घरच्या भिक्षेचाच अध्याय काढला आणि माझी पोळी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन गेले. तिने विरजण दिले, पण पूर्वीसारखी "बस की" म्हणाली नाही. ते म्हणायला तिला पुढे दोन-तीन महिने लागले.

असो. खापर्ड्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शिर्डीस सात महिने राहिल्या, त्यांची एक गोष्ट आपणा बायकांना आवडेल. एका दुपारी त्या सांजा, पुऱ्या, भात, वरण, खीर असे ताट घेऊन मशिदीत आल्या. एरवी बाबांसमोर ताटे तासन्‌तास पडून राहत. या दिवशी ते लगेच उठले, ताटावरचे झाकण काढले आणि जेवायला बसले. शामा, म्हणजे माधवराव देशपांडे, शाळामास्तर, बाबांशी एकेरीत बोलणारे, म्हणाले की दुसऱ्यांची चांदीची ताटे तू ढकलून देतोस आणि हिचेच कसे गोड लागते? जेवण झाल्यावर लक्ष्मीबाई पाय चेपू लागल्या, तर बाबा त्यांचे दुखणारे हात चेपू लागले. शामांनी चेष्टा केली की देव-भक्तांची ही अदलाबदल मोठी मौजेची आहे. दिवसभर राबलेल्या बाईचे हात दुखतात हे ज्याच्या ध्यानात येते त्याला मी थोर म्हणेन, मग तो चमत्कार करो की न करो.

दासगणूंचीही एक हकीकत अशीच. एकदा ते कोट, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनाला निघाले. बाबा म्हणाले, नवरदेवासारखा सजून कुठे निघालास? ते सगळे काढायला लावले. तेव्हापासून दासगणू उघड्या अंगाने, हातात चिपळ्या आणि गळ्यात हार एवढ्यावर कीर्तन करीत. बाबांचे नाव गावोगाव नेणाऱ्या माणसालाही त्यांनी नावाचा डौल लागू दिला नाही.

आता आपल्या राहात्याची तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सारे लिहायला घेतले. आपल्या गावात चंद्रभान शेटजी मारवाडी होते. बाबांचा त्यांच्यावर लोभ होता. ते वारल्यावर त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्यावर तोच लोभ राहिला. बाबा कधी बैलगाडीतून, कधी टांग्यातून, बरोबर चार माणसे घेऊन त्यांना भेटायला येत. गावकरी वाजतगाजत वेशीपर्यंत सामोरे जात, दंडवत घालीत, थाटाने गावात आणीत. खुशालचंद त्यांना आपल्या घरी आसनावर बसवीत, जेवू घालीत. मग दोघे मनमोकळे बोलत बसत आणि बाबा शिर्डीस परत जात. वेशीवरचे वाजप गावकऱ्यांच्या हौसेसाठी, येणे मात्र त्या गप्पांसाठी असणार.

एकदा बरेच दिवस भेट झाली नव्हती. बाबांनी काकासाहेब दीक्षितांना, म्हणजे मुंबईच्या नामांकित सॉलिसिटरांना, सांगितले की टांगा घेऊन राहात्यास जा आणि खुशालचंदांना घेऊन या, पुष्कळ दिवसांत त्यांना पाहिले नाही. दीक्षित निघाले. इकडे खुशालचंद दुपारी जरा आडवे झाले होते, त्यांना स्वप्न पडले की बाबा शिर्डीला बोलावीत आहेत. उठून निघावे तर घोडे जवळ नव्हते, म्हणून त्यांनी बाबांना कळवायला मुलाला पाठवले. मुलगा गावाची शीव ओलांडतो तोच समोरून दीक्षितांचा टांगा आला. खुशालचंद त्याच टांग्यातून शिर्डीस गेले आणि भेट झाली.

पोथीत ही गोष्ट स्वप्नाच्या चमत्कारासाठी येते. आमच्या सासूबाई वाचताना स्वप्नापाशी थांबत नाहीत, टांग्यापाशी थांबतात. चष्मा काढून म्हणतात, "दारात एवढी रीघ लागलेली असताना त्यांना राहात्याचा एक माणूस आला नाही हे कळत होतं गं." आणि मग पुढची ओवी वाचू लागतात.