आणे, नवे पैसे आणि पायथॉन

एकापासून आठपर्यंतच्या सगळ्या अंकांचा गुणाकार किती? कागदावर करून बघा. ४०३२० येतो. हाच गुणाकार टर्बो सी++ मध्ये, त्या निळ्या पडद्यावर, साध्या 'इंट' प्रकारच्या खणात ठेवला तर उत्तर येते उणे २५२१६. सगळे धन अंक गुणायचे आणि उत्तर ऋण!

आमच्या दुसरबीडच्या एका मुलीने हे मला दाखवले. अकरावी विज्ञान, संगणकशास्त्र विषय. तिची पक्की समजूत झाली होती की आपलाच प्रोग्राम चुकला. तिने तो चार वेळा तपासला होता, आणि त्यात एकही चूक नव्हती. गंमत म्हणजे पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या तिच्या मावसभावाने तोच प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर घातला, तर तो पहिल्याच ओळीला अडला. म्हणजे इकडे चालतो पण उत्तर भलतेच, आणि तिकडे चालतच नाही. तिचे वडील माझे जुने विद्यार्थी. त्यांनी विचारले, "गुरुजी, पोरीनं जुनं शिकावं का नवं?"

आता मी मराठी माध्यमाचा बी.ए. झालेला माणूस. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. संगणक हाती आला तो निवृत्तीनंतर, तोही नातवंडांच्या कृपेने. पण हा प्रश्न मला संगणकाचा कमी आणि शिकवण्याचा जास्त वाटला, म्हणून त्याच्या मागे लागलो. जे कळले ते इथे लिहितो.

आधी त्या उणे उत्तराचा उलगडा. टर्बो सी++ ची पहिली आवृत्ती बोरलँड या अमेरिकन कंपनीने १९९० साली काढली. तेव्हाचे संगणक डॉसवर चालत आणि पूर्णांकासाठी सोळा बिटांची जागा ठेवली जाई. तेवढ्या जागेत ३२७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. पुढे गेलात की काटा फिरून उणे बाजूला जातो. ४०३२० मधून ६५५३६ वजा करा, उणे २५२१६ मिळतील. आजच्या कंपायलरमध्ये त्याच 'इंट'ला साधारणपणे बत्तीस बिट मिळतात आणि हा गुणाकार बारापर्यंत बिनतक्रार जातो (तेराला तोही गडबडतो, पण ते असो).

आणि पुण्याच्या पोराकडे तो का अडला? तर सी++ या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. त्यात 'आयओस्ट्रीम डॉट एच'मधले शेपूट, म्हणजे ते 'डॉट एच', गेले. 'व्हॉइड मेन' तर प्रमाणात कधी नव्हतेच. टर्बोने ते चालवून घेतले, म्हणून आपल्याकडे ते रूढ झाले. पण महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आणि वह्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे तेच शेपूट आणि तेच 'व्हॉइड मेन' राहिले. पुढे चौसष्ट बिटांचे विंडोज आले, त्यावर सोळा बिटांचे प्रोग्राम चालेनात. तेव्हा लोकांनी काय करावे? डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम घातला, जो नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो, आणि त्या सोंगात टर्बो चालू ठेवला. नव्या घरात जुनी चूल मांडायला भिंत फोडून धुराडे काढावे, तसे हे झाले.

याला नुसता मूर्खपणा म्हणून हसणे सोपे आहे, पण मी हसणार नाही. टर्बो आकाराने लहान होता, अगदी जुन्या यंत्रावर चालत होता. लिहिणे, तपासणे, चालवणे सगळे एकाच पडद्यावर. इंटरनेट लागत नव्हते, आणि आमच्या भागात ते किती काळ नव्हते हे सांगायला नको. शिकवणारे त्यावरच शिकलेले, पेपर काढणारे त्यावरच शिकलेले, बाजारातली गाइडेही त्याचीच. एक कडी बदलायची तर सगळी साखळी बदलावी लागते. शाळेत असताना मी हे दुसऱ्या विषयांत पाहिलेले आहे.

मला आठवण झाली ती नव्या पैशांची.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. जुनी नाणी लगेच गेली नाहीत, काही वर्षे दोन्ही बाजारात होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहा पैशांचे नाणे काही निघत नाही. म्हणून सरकारने तक्ता काढला. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९, चार म्हणजे २५. नीट बघा! सहा त्रिक अठरा, पण तक्त्यात १९. सहा चोक चोवीस, पण तक्त्यात २५. पाढा चोख येणारे पोर दुकानात खोटे ठरायचे आणि घरी येऊन म्हणायचे, माझे चुकले. त्याचे काही चुकलेले नव्हते. ते दोन आवृत्त्यांच्या मध्ये उभे होते, एवढेच.

ज्याला आण्यांचा हिशोब मुरलेला होता त्या दुकानदाराला या तक्त्याची अडचण आली नाही. कुठला फरक आपल्या चुकीमुळे आणि कुठला नाणे बदलल्यामुळे, हे त्याला कळत होते. नवख्याला नेमके हेच कळत नाही. माझ्या मते जुने की नवे या सगळ्या वादात लक्ष द्यायची गोष्ट ही एकच आहे. जाणत्याला कुठलीही आवृत्ती चालते. नवशिक्याच्या पुढे लाल अक्षरात चूक आली की तो दोष स्वतःकडे घेतो. आवृत्ती नावाची काही चीज असते हेच त्याला ठाऊक नसते. अशी दहा-वीस वेळा ठेच लागली की 'आपल्याला हे जमणारे नाही' असे ठरवून मोकळा होतो. आणि खेड्यातला, मराठी शाळेतून आलेला मुलगा हे जरा लवकरच ठरवतो.

(शुद्धलेखनातही हेच झाले होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम शासनाने स्वीकारले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. घरी वडिलांच्या पत्रात 'नांव' आणि 'कांहीं', शाळेत 'नाव' आणि 'काही'. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. त्या वर्षांतल्या मुलांचे मात्र हाल.)

आता पायथॉनकडे येतो, कारण आवृत्तीचा सगळ्यांत गाजलेला घोळ तिथेच झाला. ही भाषा हॉलंडच्या खिदो फान रॉसम यांनी केली, १९९१ साली ती बाहेर आली. २००० साली दुसरी मोठी आवृत्ती, आणि ३ डिसेंबर २००८ ला तिसरी. तिसरी करताना कर्त्यांनी एक धाडस केले. जुन्या चुका दुरुस्त करायच्या तर जुने प्रोग्राम मोडले तरी चालतील, असे ठरवले. परिणाम असा की दुसरी आणि तिसरी अकरा वर्षे शेजारी-शेजारी नांदल्या. दुसरीची शेवटची शाखा, २.७, हिचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. आण्या-पैशांचा संसार इतका लांबला नव्हता. १९६४ साली 'नवे पैसे'मधला 'नवे' गळून नुसते 'पैसे' झाले होते.

या अकरा वर्षांत नवख्याने काय शिकावे यावर जगभर वाद झाले. जुनीच्या बाजूचे म्हणत की तयार साहित्य, पुस्तके, नोकऱ्या सगळे दुसरीत आहे. २००९-१० च्या सुमारास हे म्हणणे खोटे नव्हते. पुढे एकेक ग्रंथालय (प्रोग्रामांचे हो!) तिसरीत गेले आणि म्हणणे शिळे झाले, पण म्हणणारे तेच म्हणत राहिले. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरियल नावाचा फार चांगला उपक्रम केला आहे. त्यात मराठीतूनही धडे मिळतात. त्यांनाही आवृत्ती बदलली तसे पायथॉनचे धडे ३.४.३ धरून नव्याने करावे लागले. ते त्यांनी केले, हे महत्त्वाचे.

मी स्वतः दोन्ही आवृत्त्या चालवून पाहिल्या. तीन विषयांचे गुण घेतले, ७१, ६४ आणि ६८. बेरीज २०३. तीनने भागले. दुसरीत उत्तर ६७, तिसरीत ६७.६६ आणि पुढे सहांची रांग. दुसरी पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना बाकी गिळून टाकी, आणि तसे सांगतही नसे. (सी++ मध्ये हे आजही होते, म्हणून ते तिथे पहिल्या आठवड्यातच सांगायला हवे.)

मग आमच्या गावाचे नाव घातले. 'दुसरबीड' या शब्दाची लांबी विचारली. दुसरी म्हणाली २१. तिसरी म्हणाली ७. आपण मराठी माणसे अक्षरे मोजतो दु, स, र, बी, ड, म्हणजे ५. दुसरी आवृत्ती बाइट मोजत होती, आणि युनिकोडच्या रूढ पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तिसरी निदान चिन्हे मोजते, उकार आणि वेलांटी वेगळी धरून. दुसरीत फाईलमध्ये साधे 'नमस्कार' लिहिले तरी वर एक खास ओळ दिल्याशिवाय ती चूक दाखवी. तिसरीत मी 'वय' आणि 'किंमत' अशी देवनागरी नावे देऊन हिशोब केला आणि तो चालला. पंचाहत्तरीत मला जो आनंद झाला तो लिहून कळणार नाही. इंग्रजी मुलाला या दोन आवृत्त्यांत 'प्रिंट'च्या कंसाचा फरक दिसतो. आपल्या मुलाला आपली लिपी आत येते की दारात अडते, हा फरक दिसतो. हा मुद्दा मला त्या वादांत फारसा आढळला नाही, म्हणून मुद्दाम मांडतो.

एका मित्राने हरकत घेतली. तो म्हणाला, "जुन्यानं पाया पक्का होतो. समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला तरी पोरं गाडी शिकतात ती जुन्याच रस्त्यावर ना?" हे खरे आहे, समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. आणि सोळा बिटांचा काटा कसा फिरतो हे समजले तर संगणक आतून समजतो, हेही मान्य. बारावीला इंटेलचा १९७६ सालचा ८०८५ हा प्रोसेसर शिकवत आले आहेत आणि माझी त्याला हरकत नाही. कारण तो जुना आहे, सोपा नमुना म्हणून घेतला आहे, हे मुलाला पहिल्या तासाला सांगितले जाते. टर्बोचे तसे नाही. तो 'सी++' म्हणून शिकवला जातो. 'ही १९९० च्या सुमाराची सी++ आहे' असे कुणी म्हणत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी मलाही पाठ आहेत आणि त्यांनी डोके तरतरीत राहते, पण म्हणून मी कुणा पोराला रुपयाचे चौसष्ट पैसे शिकवणार नाही.

तर मी त्या वडिलांना काय सांगितले? घरी नवे शिकवा. मात्र 'नवे' म्हणजे कालच निघालेले नव्हे. त्यांच्याकडचा संगणक विंडोज ७ चा, त्यावर पायथॉन ३.८ च्या पुढची आवृत्ती बसत नाही. बसू नये! पहिल्या वर्षात जे शिकायचे त्यात ३.८ आणि आजची तिसरी यांत अडखळावे असा फरक नाही. दुसरी आणि तिसरी यांतला फरक वेगळ्या जातीचा होता. यंत्रासाठी कर्ज काढू नका, हेही सांगितले.

राहिला बारावीचा पेपर. तो जसा येईल तसा सोडवावा लागेल, मार्क सोडून चालणार नाही. त्यासाठी मुलीला एक शंभरपानी वही आणायला लावली. डाव्या पानावर परीक्षेचा प्रोग्राम, शेपटासकट, आणि वर त्याचे साल. उजव्या पानावर तोच आजच्या सी++ मध्ये. पहिल्या जोडपानावर तिने तो आठचा गुणाकार घेतला आहे, डावीकडे उणे २५२१६, उजवीकडे ४०३२०, आणि मध्ये पेन्सिलीने ६५५३६ ची वजाबाकी.