लंडनचा लग्नबाजार आणि मुंबईच्या शर्मा भगिनी

२०२२ सालच्या मार्च महिन्यात ‘ब्रिजर्टन’ या मालिकेचे दुसरे पर्व नेटफ्लिक्सवर आले आणि इंग्लंडमधल्या मराठी घरांत एका संवादाने कान टवकारले गेले. काळ १८१४ सालचा. मुंबईहून लंडनला आलेल्या एडविना शर्मा या उपवर मुलीचे गुण सांगितले जात आहेत. मुलीला फ्रेंच, लॅटिन, ग्रीक तर येतेच, शिवाय मराठी आणि हिंदुस्तानीही येते! जगभर पाहिल्या जाणाऱ्या इंग्रजी मालिकेत, सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यात, आपल्या भाषेचे नाव असे सहज घेतले जावे, याचा आनंद कोणाला होणार नाही? मलाही झाला. पण आनंद ओसरल्यावर मनात एक प्रश्न उरतो. १८१४ सालच्या लंडनमध्ये मराठी खरोखर कुठे होती, आणि कशासाठी?

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. जुलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांवर ती आधारलेली असून पहिले पर्व डिसेंबर २०२० मध्ये आले. तिसरा जॉर्ज राजा मानसिक आजाराने राज्यकारभाराला असमर्थ ठरल्यामुळे १८११ पासून १८२० पर्यंत युवराजाने त्याच्या वतीने कारभार पाहिला. त्या काळातली ही गोष्ट. मात्र इतिहास मुद्दाम बदललेला आहे. इथली शार्लट राणी कृष्णवर्णीय आहे आणि तिच्या विवाहामुळे सर्व वर्णांची माणसे ड्यूक, अर्ल आणि लॉर्ड झालेली आहेत. खऱ्या शार्लट राणीचे नाते तेराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज पूर्वजेशी जोडून तिला आफ्रिकी वंशाची ठरवणारा एक तर्क आहे, पण बहुतेक इतिहासकार तो मानत नाहीत. मालिकेला त्या तर्काचा आधार पुरला. नाचाला वाद्यवृंद वाजवतो ती आजकालची गाणी. दुसऱ्या पर्वात तर हळदीच्या प्रसंगी ‘कभी खुशी कभी गम’ची धून ऐकू येते.

२००० साली निघालेल्या मूळ कादंबरीतली नायिका केट शेफील्ड नावाची इंग्रज मुलगी होती. मालिकेने तिची केट शर्मा केली. आडनाव उत्तरेकडचे, बहिणीला हाक बंगाली ‘बोन’, वडील ‘अप्पा’ आणि गाव मुंबई! अप्पा आपल्याकडेही घरोघरी असतात, तेव्हा तेवढे चालवून घेऊ. चहाबद्दल मात्र बोलले पाहिजे. इंग्रजी चहाला नाक मुरडणारी केट त्यात आपला मसाला घालते. पण १८१४ साली आपल्याकडे चहाच्या बागाच नव्हत्या. आसामातल्या रानटी चहाची खबर रॉबर्ट ब्रूसला लागली १८२३ मध्ये आणि आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला १८३९ मध्ये. त्याआधीचा चहा चीनचा आणि व्यापार कंपनी सरकारचा. मुंबईच्या घरात तेव्हा मसाल्याचा चहा उकळत असेल ही कल्पना गोड आहे, एवढेच.

मालिकेतला लग्नबाजार मात्र बराचसा खरा आहे. पार्लमेंटच्या अधिवेशनाच्या निमित्ताने जमीनदार मंडळी सहकुटुंब लंडनला येत; ते दिवस म्हणजे ‘सीझन’. उपवर मुलींना दरबारात सादर करीत. ही प्रथा थेट १९५८ पर्यंत चालू होती. सेंट जेम्स भागातल्या ऑल्मॅक्स सभागृहात बुधवारी नाच होई. तिथे कोणाला येऊ द्यायचे हे मूठभर सरदार-स्त्रिया ठरवीत, आणि त्यांची चिठ्ठी नसेल तर खिशात कितीही पैसे असून उपयोग नसे. मुलाचे वार्षिक उत्पन्न त्याच्या नावाआधी लोकांना ठाऊक असे. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला डार्सी सभागृहात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याचे दहा हजार पौंड सर्वांच्या तोंडी झालेले असतात. मग दोन्हीकडचे वकील बसून करार करीत. मुलगी काय आणणार, तिला हातखर्च किती मिळणार, नवरा वारला तर तिची सोय काय. आपल्याकडे याद्या होतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की शेवटी पंगत बसत नसे. असा करार नसेल तर लग्नानंतर बाईची जंगम मालमत्ता आणि मिळकत नवऱ्याची होई. ही स्थिती १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदलली. १८५७ पर्यंत पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. मालिकेतल्या आया मुलींच्या लग्नासाठी जी धडपड करतात तिच्यामागे हे कारण आहे. लग्न हीच त्या मुलींची एकमेव नोकरी होती.

आता मुख्य मुद्दा. आम्हा अभियंत्यांना एक शिस्त लावलेली असते. गणितातले एक गृहीतक बदलले की बाकीची समीकरणे पुन्हा सोडवावी लागतात. जुनी उत्तरे तशीच ठेवून चालत नाही. मालिकेने वर्णभेद काढून टाकला आणि बाकी सर्व उत्तरे तशीच ठेवली. तेच वाडे, तेच हिरे, तेच रेशीम, तीच साखर. पण हा पैसा आला कुठून? गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ मध्ये बंद केला, परंतु वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर गुलाम पुढेही राबतच होते. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, आणि तीही मालकांना! दुसरा मोठा ओघ हिंदुस्थानातून येत होता. काळे आणि गोरे जर १७६१ पासून खरोखर बरोबरीचे झाले असते, तर हे दोन्ही ओघ आटले असते आणि मालिकेतल्या अर्ध्या वाड्यांतल्या मेणबत्त्या विझल्या असत्या.

आपल्या मुलखाकडे पाहा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजी फौज पदरी घेतली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यात त्याचीच दीड हजारांवर माणसे ठार आणि जखमी झाली. हाच वेलस्ली मे १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. म्हणजे एडविनाच्या त्या ‘सीझन’मध्ये लंडन ज्याचा उदोउदो करीत होते, त्याने मोठा सेनानी म्हणून नाव कमावले ते आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात. हाइड पार्क कॉर्नरला त्याचे अ‍ॅप्सली हाउस आहे. तिथे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची ‘डेक्कन सर्व्हिस’ ठेवलेली आहे; दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला भेट दिलेली ही भांडी. मुंबईहून आलेल्या मुलीने त्या काळच्या मेजवानीत कोणती ताटे पाहिली असती, याचा अंदाज तिथे येतो.

त्या वेळी पुण्यात रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आणि पेशवाईची चार वर्षे उरली होती. गोऱ्या माणसासाठी मराठी शिकण्याचे साधनही तयार होते. विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापला होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचे तरुण अधिकारी त्याच्याकडे मराठी शिकत. तेव्हा १८१४ साली इंग्रजी वर्तुळात मराठीला किंमत होती हे खरेच. पण ती राज्य करू पाहणाऱ्याला आणि बायबल छापणाऱ्याला. लग्नाच्या बाजारात नव्हे.

याचा अर्थ त्या काळी इथे आपली माणसे नव्हती असा नाही. १७८१ मध्ये रघुनाथरावाचे वकील हणमंतराव, मणियार रतनजी या पारशी गृहस्थासह लंडनला आले होते. त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याची पंचाईत एडमंड बर्कने ओळखली आणि बीकन्सफील्डच्या आपल्या घराचे काचघर त्यांना स्वयंपाकासाठी व राहण्यासाठी दिले. एम-४० रस्त्याने ऑक्सफर्डला जाताना आपण त्या गावावरून कितीदा गेलो असू! पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमदाने आयर्लंडमधल्या कॉर्क गावी जेन डेली या मुलीशी १७८६ मध्ये पळून जाऊन लग्न केले. १८१० मध्ये त्याने लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी खाणावळ काढली, १८१२ मध्ये दिवाळे निघाले, तरी न खचता ब्रायटनला जाऊन त्याने चंपीची न्हाणीघरे काढली आणि पुढे राजाच्या पदरी मानाचे स्थान मिळवले. यातल्या कोणत्याही प्रसंगाला मालिकेत शोभेल एवढे नाट्य आहे.

बाजार उलट्या दिशेनेही चालत होता. जेन ऑस्टिनची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये नवरा शोधायला हिंदुस्थानात गेली आणि वर्षभरात कडलूरला तिचे लग्न लागले. तिची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली आणि पुढे ऑस्टिनच्या भावाची बायको झाली. हुंडा नसलेल्या इंग्रज मुलींना कंपनीच्या नोकरांत स्थळ मिळत असे. मुंबईच्या मुलीने हुंड्यासाठी लंडनला यावे, ही मालिकेची कथा म्हणजे त्या प्रवासाचे उलटे चित्र.

आणि एडविनाच्या सर्वांत जवळची खरी मुलगी म्हणजे किटी कर्कपॅट्रिक. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची ही मुलगी. १७९१ पासून आई किंवा बाप हिंदी असलेल्यांना कंपनीच्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांचे दार बंद झाले होते. अशा मुलांचे भविष्य इंग्लंडमध्ये घडवावे या हेतूने बापाने १८०५ मध्ये दोघांना बोटीत बसवले. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन. घरी त्यांची नावे साहिब आलम आणि साहिब बेगम. इथे बाप्तिस्मा होऊन ती विल्यम जॉर्ज आणि कॅथरीन अरोरा झाली. बाप त्याच वर्षी वारला. आई १८१३ साली वारली, म्हणजे मालिका सुरू होते त्याच वर्षी. मुलांची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. किटी देखणी होती, तिच्याकडे पैसा होता; तरुण टॉमस कार्लाइल तिच्यावर लुब्ध झाला होता. १८२९ मध्ये तिने एका कॅप्टनशी लग्न केले, संसार केला आणि १८८९ मध्ये टॉर्की येथे देह ठेवला. इंग्रजी समाजाने तिला स्वीकारले. मात्र नाव, धर्म, आई आणि भाषा या चारही गोष्टी मागे ठेवून. १८४० च्या दशकात तिचा हैदराबादच्या आजीशी पत्रव्यवहार सुरू झाला. नात इंग्रजीत लिही, आजी फारसीत सांगून लिहवून घेई. दोघींच्या मध्ये दुभाषा लागे. आजीने मुलीच्या केसांची बट नातीला पाठवली. तिला भाषांतराची गरज नव्हती.

मालिकेवर रागावण्याचे मला कारण दिसत नाही. सावळ्या रंगाची मुलगी नायिका होते आणि तिच्या रंगाबद्दल कोणी शब्द काढत नाही, हे ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ अशा जाहिराती छापणाऱ्या आपल्या समाजाला फार वर्षे जमलेले नाही. आपल्या इथे वाढलेल्या मुलींनी ते पडद्यावर पाहिले, हे चांगलेच झाले. पण त्यांना एवढेही सांगायला हवे की एडविनाला जे फुकट मिळाले त्याची किंमत किटीने मोजली.

मालिकेत मराठी हा एक दागिना आहे; सांगितला आणि ठेवून दिला. एडविना मराठीत एक वाक्यही बोलत नाही. आपल्या घरात तरी ती डबीतला दागिना होऊ नये. रविवारी पुण्याला किंवा नागपूरला फोन लागतो तेव्हा आजी आणि नात यांच्यामध्ये दुभाषा म्हणून आपण उभे असतो का, हे प्रत्येकाने पाहावे. किटीच्या आजीला पत्र वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागला. आपल्या मुलांच्या आज्यांवर ती वेळ येऊ नये, एवढे करणे अजून आपल्या हातात आहे.